चार वॅटचा आवाज

सत्तरी उलटलेल्या माणसानं काही विकत घ्यायचं म्हटलं की घरात एक ठरलेला प्रश्न येतो, "आता कशाला?" चष्मा, काठी, रक्तदाब मोजायचं यंत्र यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण गिटारचा अँप्लिफायर म्हटल्यावर आमच्या सौ.नं तो विचारला, मुलानं फोनवर विचारला आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला. त्याचं उत्तर शोधण्यात चांगले आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मी जे वाचलं, विचारलं, मोजलं आणि ऐकलं ते इथे लिहून ठेवतो. शिकवण्याची सवय चौतीस वर्षांची, ती काही सहजासहजी सुटत नाही. त्यामुळे मध्येच फळा आणि खडू दिसला तर सांभाळून घ्या.

आधी गिटार कुठून आली ते सांगतो. माझा धाकटा भाऊ एस.टी.त कारकून होता आणि संध्याकाळी हवाइयन गिटार वाजवायचा. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात पोलादाची कांडी असते, ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. आज कॉलेजची मुलं गळ्यात अडकवतात ती ही नव्हे. आमच्या पिढीतल्या लोकांना व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं आठवत असतील. सिनेमाची गाणी गिटारवर वाजवलेल्या त्यांच्या तबकड्या घरोघरी होत्या. दुपारी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली मोकळी जागा भरायला तेच सूर यायचे. धाकटा ते ऐकून ऐकून शिकला. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड... गणपतीत आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर त्यानं अख्खा जिल्हा पालथा घातला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, तो गेला. नऊ दिवसांत सगळं संपलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर भावजयीनं गिटार आणि तिच्याबरोबरची लाकडी पेटी माझ्याकडे आणून दिली. म्हणाली, "दादा, फोटोला मी हार घालते. गिटारीला घालायचा नाहीये. तुम्हाला पेटी वाजवता येते, ही पण येईल." पेटी म्हणजे हार्मोनियम. शाळेत प्रार्थना आणि समूहगीतं माझ्याकडेच असायची, त्यामुळे सूर कानात होते. पण कानात म्हणताना जरा अडखळायला होतं, त्याचं कारण पुढे येईलच.

तर मुद्दा असा की ही गिटार नुसती वाजवली तर डासाच्या भुणभुणीएवढी ऐकू येते. तिच्या पोटात पोकळी नाही, भरीव लाकूड आहे. तारांखाली एक चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार हलली की वेटोळ्यात विजेचा इवलासा प्रवाह उमटतो. तो मोठा करायचं काम अँप्लिफायरचं. म्हणजे अँप्लिफायर हा अशा गिटारचा दागिना नव्हे, तो तिचा गळाच आहे. गंमत अशी की जगात बाजारात आलेली पहिली विजेची गिटार हीच, मांडीवरची! अमेरिकेतल्या रिकनबॅकर कंपनीनं ती १९३२ साली विकायला काढली. गोल थाळी आणि लांब दांडा अशा आकारामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणायचे. गळ्यात अडकवायच्या विजेच्या गिटारींचा बोलबाला नंतर झाला. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरांनी याच जातीच्या गिटारवर राग वाजवून दाखवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला काबरांची गिटार आहे. पुढे विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं, तेही कांडी सरकवूनच. कांडी सरकवून मींड काढायची ही कल्पना आपल्याला परकी कधीच नव्हती. विचित्र वीणा आणि दक्षिणेतलं गोट्टुवाद्यम दुसरं काय करतात?

धाकट्याची लाकडी पेटी म्हणजे त्याचा अँप्लिफायर. लाऊडस्पीकरवाले त्याला नुसतं 'मशीन' म्हणतात, आमच्या घरातही तोच शब्द. १९७८ साली परभणीतल्या एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या चाचांनी ते त्याला बांधून दिलं होतं. सागवानी खोकं, पुढे जाळीचं कापड, आत दहा इंची स्पीकर आणि मागे काचेचे तीन व्हॉल्व्ह. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. मशीनही शेवटची दहा-बारा वर्षं माळ्यावरच होतं, कारण धाकट्यानं पुढे ट्रान्झिस्टरचं हलकं यंत्र घेतलं होतं. ते त्याच्यामागे भाच्याकडे गेलं.

म्हणजे माझ्यासमोर तीन रस्ते होते. नवं, छोटं, व्हॉल्व्हचं मशीन विकत घ्यायचं. किंवा आजकालचं, आत संगणकाची चिप असलेलं स्वस्त यंत्र घ्यायचं. किंवा हे जुनं खोकं उघडायचं.

आता तुम्ही विचाराल, व्हॉल्व्हचा एवढा अट्टहास कशासाठी? १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पंचवीस-तीस वर्षांत रेडिओ, टीव्ही, सगळीकडून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. मग गिटारवाले अजून त्यालाच का चिकटून बसलेत? मला आधी हे शौकिनांचं खूळ वाटलं. पण हार्मोनियमवाल्याला पटेल असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. कुठलंही मशीन त्याच्या ताकदीच्या टोकाला आलं की आवाजाची लाट जशीच्या तशी मोठी करू शकत नाही, तिचा माथा चेपतो. ट्रान्झिस्टर तो माथा विळ्यानं कापल्यासारखा सपाट छाटतो, त्यातून कर्कश, वरचे वरचे उपस्वर निघतात. व्हॉल्व्ह माथा हळूहळू गोल करत आणतो. त्यातही एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेल्या छोट्या मशीनमध्ये दुप्पट कंपनांचा उपस्वर ठळक असतो. दुप्पट कंपनं म्हणजे काय? मध्य सप्तकातला सा वाजला तर तार सप्तकातला सा. तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम. म्हणजे मूळ स्वराला त्याचीच नातेवाईक मंडळी येऊन मिळतात, परकं कुणी नाही. तानपुरा जुळला की जे घडतं त्याच्या जवळपासचं काहीतरी. शिवाय माथा गोल होताना मोठा आवाज किंचित दबतो आणि विरत चाललेला आवाज त्या मानानं पुढे येतो. त्यामुळे एकदा छेडलेली तार जास्त वेळ बोलत राहिल्यासारखी वाटते. लांब मींड घेणाऱ्याला आणखी काय हवं?

पण हे सगळं मशीन टोकाला आल्यावर. आणि घरात वाजवणाऱ्याची पंचाईत इथेच सुरू होते.

याचा हिशेब मी वहीत मांडला, तो तुमच्यासाठी उतरवतो. गिटारचा चांगला स्पीकर एक वॅट ताकद दिली की एक मीटरवर सुमारे ९५ डेसिबल आवाज काढतो. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, दसपट केली की १०. आणि १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे ४० वॅटचं मशीन हे ४ वॅटच्या मशीनच्या दहापट मोठं वाटत नाही, जेमतेम दुप्पट वाटतं! दुकानदार वॅटचा आकडा मोठ्यानं सांगतात, हा हिशेब मात्र सांगत नाहीत. आता उलट्या बाजूनं जाऊ. ४ वॅटला एक मीटरवर १०१ डेसिबल. एक दशांश वॅटलाही ८५ डेसिबल! आणि आपल्या कायद्यानं (ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम) वस्तीच्या भागात मर्यादा किती? दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. ही मर्यादा माझ्या खोलीतली नव्हे, वस्तीतली. भिंती आणि अंतर मध्ये आहेत. तरी अंदाज यावा.

आमच्या घराची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. पलीकडे दहावीची मुलगी अभ्यासाला बसते. चौतीस वर्षं "गोंगाट नको, अभ्यास करा" म्हणत काढली आणि आता म्हातारपणी आपणच गोंगाट करायचा, हे काही बरोबर दिसणार नव्हतं. म्हणून पहिली अट ठरली: पाच वॅटच्या वर जायचं नाही.

दुसरी अट माझ्या कानांनी घातली. तीन वर्षांपूर्वी कानांची तपासणी केली. डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला, डावीकडून सपाट येणारी रेघ आणि मग एकदम उतार. वयोमानानं उंच कंपनांचं ऐकणं कमी झालंय, हळूहळू आणखी होईल, परत येणार नाही, असं त्यांनी नीट समजावलं. यात स्वर ऐकू येतात, व्यंजनं हरवतात. स, श, फ, थ ही अक्षरं आधी जातात. 'साखर' आणि 'आखर' यांतला फरक मी आता सौ.च्या ओठांकडे बघून ओळखतो. कानात यंत्र बसवलंय, बोलणं समजायला ते उत्तम. पण गाणं लावलं की त्यातून आवाज आक्रसल्यासारखा येतो, कारण ती यंत्रं मुळात बोलण्यासाठी जुळवलेली असतात. तपासणीनंतर काही दिवस मी गाणं ऐकणंच टाळत होतो. रोज थोडं थोडं कमी होत जाणाऱ्या गोष्टीकडे बघायला नको वाटतं. नवं वाद्य शिकायला बसायचं ते कशाच्या भरवशावर, हा प्रश्न "आता कशाला?"च्या पोटात दडलेला होता.

पण वाचता वाचता एक दिलासा मिळाला. गिटारचा स्पीकर मुळातच साधारण ५००० कंपनांच्या वर फारसा बोलत नाही. त्यावरचं बरंचसं तो गिळून टाकतो, म्हणूनच त्याचा आवाज मऊ लागतो. हवाइयन गिटारचे मूळ स्वर तर हजार-बाराशेच्या आतबाहेरच संपतात. म्हणजे माझ्या आलेखाची रेघ जिथे दरीत उतरते, तिथे हे वाद्य तसंही फारसं जात नाही. जे माझ्याकडून गेलंय ते या वाद्याकडे कमीच होतं. सारंगी किंवा सतार घेऊन बसलो असतो तर तारांची सगळी चमक मला पारखी झाली असती. इथे माझं नुकसान त्या मानानं थोडं.

त्याचबरोबर एक इशाराही होता. उरलेलं ऐकणं सांभाळायचं असेल तर मोठा आवाज टाळायला हवा. कारखान्यातल्या कामगारांसाठी जो हिशेब धरतात तो असा: ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे एक मीटरवर बसून पूर्ण एक वॅट सोडला तर तासाभरात दिवसाचा कोटा संपतो. तेव्हा रोज एक तास, आणि तोही एक दशांश वॅटच्या आसपास, असा नेम मी स्वतःला घालून घेतला.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. छोट्या व्हॉल्व्ह मशीनची जगभर मोठी परंपरा आहे. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचं 'चॅम्प' हे शिकणाऱ्या मुलांसाठी काढलेलं पाचेक वॅटचं मशीन. पण १९७० साली एरिक क्लॅप्टननं 'लैला'च्या ध्वनिमुद्रणात तेच वापरलं. इंग्लंडच्या व्हॉक्सचं 'एसी-४' नावाप्रमाणेच चार वॅटचं. मार्शलचं 'डीएसएल-१' एक वॅटचं, आणि त्यावरचं बटण दाबलं की एक दशांश वॅट! घरात वाजवणाऱ्यासाठी यापेक्षा समजूतदार सोय नाही. यांतलं कुठलंही घेतलं असतं तरी दीड-एक महिन्याची पेन्शन गेली असती. अमेरिकेतला पुतण्या म्हणाला, "काका, मी येताना जुना चॅम्प घेऊन येतो." त्याला नको म्हटलं. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० सायकलची, आपली २३० आणि ५०. व्होल्ट उतरवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ६० सायकलसाठी बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. परभणीच्या मे महिन्यात तसंही सगळं तापलेलंच असतं, त्यात आणखी भर कशाला?

चिपवाल्या यंत्रांबद्दल मी वाईट बोलणार नाही. हलकी, स्वस्त, हेडफोन लावून मध्यरात्रीही वाजवा. शिकणाऱ्या पोरानं मला विचारलं तर मी बिनदिक्कत तेच घे म्हणेन. भाच्याकडे एक आहे, मी त्यावर आठवडाभर वाजवूनही पाहिलं. मला अडचण दोन गोष्टींची होती. हेडफोन लावायचा तर कानातलं यंत्र काढावं लागतं. आणि ते बिघडलं तर परभणीत त्याला कुणी हात लावत नाही, थेट नवं घ्या म्हणतात.

मग खोकं उघडलं. मी नव्हे, स्टेशन रोडच्या एका मिस्त्रींनी. ते चाचांच्याच हाताखाली शिकलेले, आता साठीच्या पुढचे. पोट भरायला मिक्सर आणि डीजेची मशीनं दुरुस्त करतात. मागची फळी काढल्याबरोबर त्यांचा चेहराच बदलला. चाचांचं झाळकाम त्यांनी बोटानं दाखवलं, "देखो गुरुजी, एकेक डाग मोत्यासारखा." तीन व्हॉल्व्हपैकी पहिला ईसीसी-८३. आलेला इवलासा प्रवाह मोठा करणारा, त्याचा वाढीचा गुणांक शंभर. दुसरा ईएल-८४, स्पीकरला ढकलणारा. तिसरा ईझेड-८०, एसीचं डीसी करणारा. पहिल्या दोघांवर 'बीईएल' अशी अक्षरं होती. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९५४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. त्यांचे व्हॉल्व्ह एकेकाळी आपल्याकडच्या रेडिओंमधून सर्रास असायचे. आता ते बनत नाहीत, नवे येतात ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून.

मिस्त्री जे बोलले त्यानं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणाले, हे गिटारचं मशीन वगैरे काही नाही, हा रेडिओचा मागचा अर्धा भाग आहे! जुन्या रेडिओत स्टेशन पकडणारा भाग पुढे आणि आवाज मोठा करणारा मागे. चाचांनी पुढचा भाग गाळला आणि तिथे गिटारची वायर जोडली. नंतर ताडून पाहिलं तर खरंच, ईएल-८४ हाच व्हॉल्व्ह त्या काळच्या कितीतरी रेडिओंत आहे आणि व्हॉक्सच्या चार वॅटच्या मशीनमध्येही आहे. परभणीच्या गल्लीत बसून एका माणसानं, इंग्रजी पुस्तक न उघडता, जगात इतरत्र ज्या वाटेनं लोक गेले तीच वाट काढली होती.

इथे एक धोक्याची सूचना, कारण हे वाचून कुणी घरातला जुना रेडिओ उघडेल. पूर्वी काही शहरांत डीसी वीज होती, म्हणून 'एसी-डीसी' जातीचे रेडिओ निघायचे. त्यांत मेनचा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि आतला पत्रा थेट विजेला जोडलेला असू शकतो. अशा रेडिओला गिटार जोडली तर तारांत वीज उतरेल आणि वाजवणारा जागेवर जाईल. आमच्या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर होता म्हणूनच पुढे गेलो. आणखी एक: व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये ते साठून राहू शकतात. मागची फळी हौशी माणसानं काढायचीच नाही.

मिस्त्रींनी मीटर लावला. मी विचारलं, "बनी तो बनी, नहीं तो परभणी?" ते हसले. बराच वेळ तारा चाचपून म्हणाले, "ट्रान्सफार्मर जिंदा है, गुरुजी." व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मशीनचा जीव. तो जळला असता तर परवडलं नसतं. कंडेन्सर मात्र सगळे सुकले होते, ते बदलले. ईएल-८४ थकला होता, स्लोव्हाकियात बनलेला नवा मुंबईहून मागवला. स्पीकरचा कागद फाटला होता, डीजेवाल्यांच्या कृपेनं कोन बदलणारे आपल्या गावात आहेत. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घातली आणि घरी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नव्यानं भरून घेतला. सगळा खर्च साडेपाच हजार. नवं घेतलं असतं त्याच्या मानानं फारच थोडा, पण निर्णय नुसता पैशावर झाला नाही. हे उद्या बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे मला जास्त मोलाचं वाटलं. तो माणूसही साठीच्या पुढचा आहे, हेही मला दिसतं. त्याच्या हाताखाली सध्या कुणी शिकत नाही.

मिस्त्रींनी तीन नियम सांगितले ते मी खोक्याच्या आत कागदावर लिहून चिकटवलेत. स्पीकरची वायर सुटलेली असताना मशीन सुरू करायचं नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो. व्होल्टेज पडलं असेल तर वाजवायचं नाही. या व्हॉल्व्हना आतला तंतू तापवायला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे मेनचे २३० साधारण २०७ च्या खाली जाता कामा नयेत. (रब्बीत मोटारी सुरू झाल्या की खेड्यांकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.) आणि स्क्वेअर वेव्हच्या साध्या इन्व्हर्टरवर चालवायचं नाही, नुसती घरघर ऐकू येते. मशीन एकूण तीसेक वॅट खातं आणि चार वॅट देतं, बाकीची उष्णता. हिवाळ्यात शेकायला बरं.

सुरू केल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नाही. मग काचेत तांबूस उजेड दिसतो आणि हलकी गुणगुण येते. पहिल्या दिवशी मी खर्जाची तार छेडली आणि कांडी सरकवली. आवाज गोल, भरलेला, छातीला जाणवणारा. पण एक गोष्ट स्पष्टच सांगतो. तो धाकट्याचा आवाज नव्हता. मशीन तेच, गिटार तीच, कांडीसुद्धा तीच. त्याचा हात त्याच्याबरोबर गेला. कुठलंही यंत्र निवडताना माणूस मनात काहीतरी भलतंच मागत असतो, दुकानात न मिळणारं. ते एकदा मिळणार नाही म्हणून कळलं की यंत्राची निवड सोपी होते. मला रोज तासभर घालवायला एक वाद्य मिळालं, एवढं पुरे होतं.

दिवाळीत भावजय आली. मी तिला दोन गाणी वाजवून दाखवली. ती खाली बघत ऐकत होती. दुसरं संपल्यावर म्हणाली, "दादा, आवाज टोचतोय जरा. ह्यांचं ते दुसरं बटण कायम अर्ध्याच्या खाली असायचं." आणि उठून तिनं टोनचं बटण डावीकडे फिरवलं. मला फरक जेमतेम कळला. माझ्या कानाला उंच कंपनं कमी येतात, म्हणून मला जे नीट वाटतं ते इतरांना टोचतं, हे त्या क्षणी उमगलं. पस्तीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेलं माणूस ते. तिचे कान अजून शाबूत आहेत. तिनं बटण जिथे ठेवलं तिथे मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. आता बटण तिथेच असतं. मला नीट ऐकू येवो न येवो, खोलीत बसलेल्याला नीट ऐकू येतं.

असो. कुणाला घरात वाजवायला छोटं व्हॉल्व्हचं मशीन घ्यायचं असेल तर आधी खोली मोजा, शेजार बघा, विजेचं काय आहे ते बघा, दुरुस्त कोण करणार ते विचारा, आणि मग कंपनीचं नाव. वय झालेलं असेल तर कान तपासून घ्या आणि टोनचं बटण तरुण कानाच्या माणसाकडून लावून घ्या. मी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा वाजवतो, कारण शेजारची मुलगी त्या वेळी शिकवणीला गेलेली असते. परवा तिची आई म्हणाली, "गुरुजी, सुट्टीत जरा उशिरापर्यंत वाजवा की, मलापण ऐकू येईल." सुट्टी लागायला अजून दीड महिना आहे. तोवर एक गाणं तरी नीट बसवायचं म्हणतो.